फुटून निघालेल्या डाव्यांचा नवा पक्ष: मुंबईतल्या कार्यकर्त्यांना नेहमी पडणारे प्रश्न

डाव्या पक्षातून बाहेर पडलेल्या, काढून टाकलेल्या किंवा बाहेर पडायच्या बेतात असलेल्या मुंबईतल्या कार्यकर्त्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. मूळ पक्ष बरोबर की तुम्ही, यात इथे शिरायचं नाही. त्यावर दोन्ही बाजूंच्या पुस्तिका निघतीलच. इथे फक्त कागद, पैसे, पत्ता आणि मुदती. छोटे डावे पक्ष विचारसरणीवरून फुटतात खरे, पण गळपटतात ते बहुतेक वेळा या चार गोष्टींवर.

फुटलो म्हणजे पक्ष काढायलाच हवा का?

नाही. सभा, मोर्चा, युनियन, अभ्यासवर्ग, पत्रक यांतल्या कशालाही निवडणूक आयोगाची नोंदणी लागत नाही. नोंदणी लागते ती पक्षाच्या नावावर उमेदवार उभे करायला, सगळ्या उमेदवारांसाठी एकच चिन्ह मागायला आणि देणग्यांवरची आयकर सवलत घ्यायला. येत्या पाच वर्षांत यांतलं काही करायचं नसेल तर मंच किंवा समिती म्हणून राहा. नोंदणीसोबत दरवर्षीचं लेखापरीक्षण, विवरणपत्रं आणि अहवाल मागे लागतात, आणि ते करणारा एक माणूस कायमचा अडकतो. चाळीसजणांच्या गटात असा माणूस सहसा तोच असतो ज्याला युनियनच्या केसेसही बघायच्या असतात.

महाराष्ट्रात असे पक्ष आधी निघालेत. त्यांचं काय झालं?

भरपूर निघालेत, आणि प्रत्येकाची वाट वेगळी.

लाल निशाणची मंडळी १९४२ च्या सुमारास कम्युनिस्ट पक्षातल्या अंतर्गत वादातून बाहेर पडली. आधी नवजीवन संघटना, मग काही काळ शेतकरी कामगार पक्षात, तिथून पुन्हा बाहेर, मग लाल निशाण गट आणि पुढे लाल निशाण पक्ष. विधानसभेत हा पक्ष कधी मोठा झाला नाही, पण कामगार आणि शेतमजुरांच्या संघटनांच्या जोरावर अनेक दशकं टिकला. नंतर त्यातूनही लेनिनवादी गट वेगळा झाला.

शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, १९४७ मध्ये काँग्रेसमधून फुटून निघाला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही बिनीची माणसं. १९५० चा दाभाडी प्रबंध हा त्यांचा मार्क्सवादी पाया. स्वतः जेधे पुढे काँग्रेसमध्ये परतले, पक्ष मात्र रायगड आणि सांगोल्यासारख्या पट्ट्यांत राहिला. गणपतराव देशमुख सांगोल्यातून ११ वेळा आमदार झाले. पक्ष राज्यभर पसरलेला नसला तरी एका तालुक्यात घट्ट असला की किती चालतो, याचा याहून चांगला दाखला मिळणार नाही.

समाजवाद्यांची फूट-जोड तर तोंडपाठ करायलाही अवघड. १९३४ मध्ये काँग्रेसच्या आत काँग्रेस समाजवादी पक्ष, १९४८ मध्ये काँग्रेसबाहेर, १९५२ मध्ये किसान मजदूर प्रजा पक्षाशी मिळून प्रजा समाजवादी पक्ष, १९५५ मध्ये लोहियांचा वेगळा समाजवादी पक्ष, १९६४ मध्ये संयुक्त समाजवादी पक्ष. तरीही याच संयुक्त समाजवादी पक्षाच्या जॉर्ज फर्नांडिसांनी १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत काँग्रेसच्या स. का. पाटलांना पाडलं. त्या विजयामागे टॅक्सीवाले आणि महापालिका कामगार यांच्यातलं आधीचं काम होतं.

१९७८ मध्ये शरद पाटील मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडले आणि धुळ्यातून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष उभा केला. मुद्दा जातीचा होता. १९८० मध्ये मुंबईत रोझा देशपांडे आणि बानी देशपांडे यांनी अखिल भारतीय कम्युनिस्ट पक्ष काढला, पुढच्या वर्षी कम्युनिस्ट पक्षाने खुद्द श्रीपाद अमृत डांग्यांनाच काढलं. डांगे १९५७ आणि १९६७ मध्ये मध्य मुंबईतून लोकसभेवर गेलेले, गिरणगावात त्यांच्याएवढं मोठं नाव नव्हतं. ते सोबत असूनही नव्या पक्षाला मुंबईत पाय रोवता आले नाहीत. मोठा माणूस सोबत आला म्हणजे शाखा सोबत येतात, या हिशेबाने निघालेल्यांनी हे प्रकरण नीट अभ्यासावं.

मूळ पक्षाचं नाव, झेंडा किंवा चिन्ह यांवर हक्क सांगता येईल का?

जवळजवळ नाहीच. १९६८ च्या निवडणूक चिन्ह आदेशातल्या परिच्छेद १५ प्रमाणे खरा पक्ष कोणता हे आयोग ठरवतो, पण ते मान्यताप्राप्त (निवडणुकीतल्या कामगिरीवरून राज्य किंवा राष्ट्रीय पक्षाचा दर्जा मिळालेल्या) पक्षांपुरतं, आणि त्यातही संघटनेतलं आणि निवडून आलेल्यांतलं बहुमत बघितलं जातं. मुंबईची एक जिल्हा कमिटी फुटली तर अखिल भारतीय पक्षाच्या नावावर दावा टिकत नाही. मूळ पक्ष नुसता नोंदणीकृत असेल तर वाद दिवाणी न्यायालयात जातो आणि तिथेच राहतो.

नावाच्या मागे कंसात शब्द लावून वेगळेपण दाखवायची आपली जुनी सवय आहे. आयोगाला आधीच्या पक्षाशी साधर्म्य दिसलं की तो नाव बदलायला सांगतो, आणि त्यात महिने जातात. अर्जात पसंतीक्रमाने दोन-तीन नावं तयार ठेवा.

विळा-हातोडा-तारा आणि कणीस-विळा ही चिन्हं राखीव आहेत. लाल झेंडा कोणाच्या मालकीचा नाही. तो खुशाल घ्या, पण मतपत्रिकेवरचं चिन्ह म्हणून विळा-हातोड्याची कुठलीही आवृत्ती सुचवू नका. ती फेटाळली जाणार हे ठरलेलं आहे.

आमच्यासोबत एक नगरसेवक आलाय. त्याचं पद राहील का?

त्याने नव्या पक्षात प्रवेश केल्याचं जाहीर केलं तर बहुधा जाईल. नगरसेवकांना महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ हा पक्षांतरबंदीचा कायदा लागतो. मुंबईतल्या नगरसेवकांच्या गटांची नोंद कोकण विभागीय आयुक्तांकडे असते, त्यामुळे तो कोणाचा हे कागदोपत्री ठरलेलं असतं. आमदार-खासदारांसाठी संविधानाची दहावी अनुसूची, तीही पक्षांतरबंदीचीच. त्यात पूर्वी एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला मुभा होती, ती २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने गेली. आता उरली ती दोन तृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणाची वाट.

‘पक्षानेच हाकललं, मग मी मोकळा’ हा समजही चुकीचा. जी. विश्वनाथन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं की काढून टाकलेला सदस्यही या कायद्यापुरता मूळ पक्षाचाच धरला जातो, आणि दुसऱ्या पक्षात गेला तर अपात्र ठरतो. त्यामुळे मुदत संपेपर्यंत त्याचं नाव पदाधिकाऱ्यांच्या यादीत घालू नका. स्थापनेच्या बॅनरवर त्याचा फोटो छापायचा मोहही आवरा. अपात्रतेच्या अर्जाला तोच पुरावा जोडला जातो.

नोंदणी कुठे आणि कशी होते?

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम २९अ खाली, भारत निवडणूक आयोगाकडे, निर्वाचन सदन, अशोक रोड, नवी दिल्ली इथे. कळीची अट मुदतीची आहे: स्थापनेच्या तारखेपासून ३० दिवसांत अर्ज पोचला पाहिजे. उशीर झाला तर अर्ज मुदतबाह्य.

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पत्रकार संघात परिषद घेऊन पक्षाची घोषणा होते, वर्तमानपत्रांत बातमी येते, दोन महिन्यांनी मोठं अधिवेशन भरतं, आणि तोवर कोणी मतदार यादीचा उतारासुद्धा काढलेला नसतो. मग स्थापना नेमकी कधी झाली यावर दोन मतं. म्हणून क्रम उलटा धरा. मसुदे, उतारे, पत्त्याचा पुरावा, डिमांड ड्राफ्टची तजवीज हे सगळं आधी. मग एका रविवारी स्थापना बैठक, तिचं इतिवृत्त आणि ठराव, आणि पुढचे ३० दिवस फक्त सह्या, प्रतिज्ञापत्रं आणि रवानगी. तोपर्यंत जाहीर बोलताना ‘संयोजन समिती’ म्हणा. ‘पक्ष’ हा शब्द वापरू नका.

सोबत लागतं ते असं: १०,००० रुपयांचा डिमांड ड्राफ्ट, जो परत मिळत नाही, पक्षाच्या घटनेची छापील प्रत, प्रत्येक पानावर अध्यक्ष किंवा सरचिटणीसाची सही, पदाधिकाऱ्यांची यादी, किमान १०० सदस्यांची वैयक्तिक प्रतिज्ञापत्रं आणि ते मतदार असल्याचे यादीतले प्रमाणित उतारे, कोणीही सदस्य दुसऱ्या नोंदणीकृत पक्षात नाही असं अध्यक्ष किंवा सरचिटणीसाचं प्रतिज्ञापत्र, बँक खातं आणि पॅन असल्यास तपशील. घटना मराठीत केली असेल तर इंग्रजी किंवा हिंदी भाषांतर जोडा. दिल्लीत फाइल बघणाऱ्याला मराठी येत असेलच असं धरून चालू नका.

छाननीनंतर पक्षाच्या नावाची जाहीर सूचना दोन राष्ट्रीय आणि दोन स्थानिक दैनिकांत, प्रत्येकी दोन दिवस द्यावी लागते, आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. या जाहिरातींचा खर्च ड्राफ्टच्या कितीतरी पट होतो. त्याची वर्गणी सुरुवातीलाच बाजूला काढा. हरकत बहुधा मूळ पक्षाकडूनच येते. अर्ज कुठवर आलाय ते आयोगाच्या पोर्टलवर बघता येतं, त्यामुळे ‘दिल्लीत ओळख आहे’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

शंभर माणसं तर आहेत. मग प्रतिज्ञापत्रांत अडतं कुठे?

शंभरच आहेत, तिथेच. १२० ते १२५ जणांची तयारी ठेवा, दहा-पंधरा गळतातच.

पहिली अडचण मतदार यादीची. लालबाग-परळ, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप इथल्या कितीतरी कार्यकर्त्यांचं नाव अजून गावच्या यादीत असतं: मालवण, खेड, पाटण, आजरा. नोंदणीसाठी ते चालतं, मतदार असणं पुरेसं आहे. फक्त उतारा त्या मतदारसंघातला लागतो आणि तो आणायला वेळ जातो. हीच माणसं पुढे मुंबईत उमेदवाराचे सूचक (त्याच्या अर्जावर सही करून नाव सुचवणारे) म्हणून चालत नाहीत, ते वेगळं. दुसरा प्रकार पुनर्विकासाचा. चाळ पाडली, माणसं भाड्याने कल्याण-विरारला गेली, यादीतलं नाव जुन्या पत्त्यावर राहिलं किंवा वगळलं गेलं. त्यामुळे नाव, यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि ओळखपत्र क्रमांक या चार गोष्टी प्रत्येकाच्या आधी तपासा. यादीत ‘पांडुरंग’ आणि आधारवर ‘पांडूरंग’ असेल तर प्रतिज्ञापत्रात यादीतलंच लिहा.

दुसरी अडचण तारखेची. प्रतिज्ञापत्रात माणूस ‘मी या पक्षाचा सदस्य आहे’ असं शपथेवर सांगतो. म्हणजे त्यावरची तारीख स्थापनेच्या दिवसाची किंवा नंतरची हवी. उत्साहाने महिनाभर आधी नोटरी करून ठेवलेले गठ्ठे यातच वाया जातात.

तिसरी आणि खरी अडचण जुन्या सदस्यत्वाची. ‘मी अन्य कोणत्याही नोंदणीकृत पक्षाचा सदस्य नाही’ हे शपथेवर लिहायचं, आणि तिकडे मूळ पक्षाच्या शाखेच्या रजिस्टरात नाव आणि लेव्हीची (सदस्याच्या वर्गणीची) नोंद चालूच. बैठकींना जाणं थांबवलं म्हणजे राजीनामा झाला असं नाही. प्रत्येकाने दोन ओळींचं पत्र मूळ पक्षाच्या शाखेला किंवा जिल्हा कमिटीला द्यावं, पोच घ्यावी. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती ठेवावी. पत्राची तारीख प्रतिज्ञापत्राच्या आधीची असावी. राजीनाम्यात कारणांची चार पानं लिहू नका, ती पत्रकात लिहा.

नोटरीला युनियनच्या खोलीवरच बोलवा. माणूस समोर हजर हवा, मूळ ओळखपत्र हवं आणि नोटरीच्या रजिस्टरात सही हवी. ‘सगळ्यांच्या सह्या मी आणतो’ म्हणणाऱ्या कॉम्रेडला थांबवा. मुद्रांकाचं आधी विचारून घ्या: राज्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० चा किमान मुद्रांक ५०० झाला. प्रतिज्ञापत्रं मुद्रांकावर करावी लागली तर शंभर जणांचे नुसत्या मुद्रांकाचे ५०,००० होतात.

घटनेत नेमकं काय हवं?

कलम २९अ(५) मधलं वाक्य शब्दशः हवं: भारताच्या संविधानाबद्दल आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांबद्दल खरी श्रद्धा व निष्ठा, आणि देशाची सार्वभौमता, एकता व अखंडता राखण्याची हमी. देशातल्या प्रत्येक नोंदणीकृत पक्षाने, अगदी बाजारपेठेची आरती ओवाळणाऱ्यांनीही, समाजवादाची ही शपथ घेतलेली आहे. तुम्हाला ती जड जाऊ नये. अडतं ते कार्यक्रमाच्या भागात. ‘संसदेतल्या भ्रमांचा पर्दाफाश’ छापाची वाक्यं कार्यक्रमाच्या पुस्तिकेत ठेवा.

पदाधिकाऱ्यांच्या निवडणुका ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त पाच वर्षांनी, हे स्पष्ट लिहावं लागतं. लोकशाही केंद्रवाद (आत चर्चा, पण वरच्या कमिटीचा निर्णय सगळ्यांना बंधनकारक) लिहायला हरकत नाही, पण खालची कमिटी कोण निवडतं, कशी, किती दिवसांच्या सूचनेने, हेही लिहा. नोंदणीनंतर पाच वर्षांत निवडणूक लढवण्याची अट, वार्षिक लेखापरीक्षण, घटनादुरुस्ती, विलीनीकरण आणि विसर्जनाची पद्धत हेही लागतं.

फुटून आलेले लोक एक कलम नेहमी विसरतात: अल्पमताचं काय. कारणे दाखवा नोटीस किती दिवसांची, बडतर्फीवर अपील कुठे, वेगळं मत पक्षाच्या आत कुठे छापता येतं. ज्या गोष्टीवरून तुम्ही बाहेर पडलात ती नव्या घटनेतही जशीच्या तशी कॉपी झालेली आढळते, कारण घाईत मूळ पक्षाचीच घटना समोर ठेवून नाव बदललेलं असतं.

कार्यालय नाही. पत्ता कोणाचा द्यायचा?

मुंबईतला सगळ्यात अवघड प्रश्न. जुन्या पक्षांची कार्यालयं बहुतेक पागडीच्या खोल्यांत. भाडेपावती कुणा एका ज्येष्ठ कॉम्रेडच्या नावावर, तो वारल्यावर वारसाच्या नावावर. फुटीत ‘ऑफिस आमचं’ म्हणून कुलूप लावलं जातं, पण घरमालक, बँक आणि पोलीस तिघेही पावतीवरचं नाव बघतात. इमारत पुनर्विकासात गेली तर जागाही त्याच नावावर मिळते. खोली खरंच सामूहिक वर्गणीची असेल तर फुटीच्या गडबडीत कुलूप तोडू नका. तोडलंत तर पुढची दोन वर्षं पक्ष भोईवाड्याच्या नाहीतर कुर्ल्याच्या कोर्टात भरेल.

नव्या पक्षासाठी कोणाच्या घरचा पत्ता चालतो. वीजबिल आणि मालकाचं ना-हरकत पत्र घ्या. मात्र तिथे वर्षभर टपाल घेणारं कोणीतरी हवं. पत्ता बदलला तर आयोगाला लेखी कळवा. आयोगाचं पत्र ‘पत्त्यावर कोणी नाही’ म्हणून परत जाणं किती महागात पडतं ते पुढे येईलच. युनियनची खोली देणार असाल तर युनियनच्या कार्यकारिणीचा ठराव जोडा.

पैसे कसे गोळा करायचे आणि ठेवायचे?

लेव्ही, पावती, डबा, सगळं चालतं. पण पहिल्या दिवसापासून वही. पावतीपुस्तकांना क्रमांक घाला, कोणतं पुस्तक कोणाकडे गेलं ते लिहा, आणि अर्धवट पुस्तकंही परत जमा करा. डबा सभेनंतर दोघांसमोर मोजून कागदावर दोघांच्या सह्या.

एका माणसाच्या खासगी खात्याचा क्यूआर कोड पत्रकावर छापू नका. तो पैसा आयकराच्या नजरेत त्या माणसाचा, आणि उद्या तोच फुटला तर हिशेबही त्याच्याबरोबर जातो. पक्षाच्या नावाने पॅन काढा, खातं उघडा, तिघांपैकी दोघांच्या सहीने व्यवहार. नोंदणीआधी बँका खळखळ करतात, त्यामुळे स्थापना ठराव आणि घटनेच्या प्रती घेऊन जा.

नोंदणी झाल्यावर आयकराची सवलत मिळते, पण अटींवर. रोखीने २,००० रुपयांवर देणगी घ्यायची नाही. २०,००० च्या वरच्या प्रत्येक देणगीदाराचं नाव-पत्ता ठेवायचा आणि फॉर्म २४-अ मध्ये आयोगाकडे अहवाल द्यायचा. हिशेब सनदी लेखापालाकडून तपासून घ्यायचे आणि विवरणपत्र मुदतीत भरायचं. मुदत हुकली की त्या वर्षीची सवलत गेली. अमान्यताप्राप्त पक्षांनी लेखापरीक्षित हिशेब राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यायचे असतात. परदेशी देणगी अजिबात नाही. दुबईत नोकरी करणारा भाऊ पैसे पाठवतो म्हणाला तरी आधी त्याचं नागरिकत्व विचारा.

युनियन कोणाची? आमचे कामगार तर आमच्यासोबतच आलेत.

कामगार आले असतील. युनियनची नोंदणी, खातं आणि शिक्का मात्र युनियनचे आहेत, पक्षाचे कधीच नव्हते. त्यामुळे मूळ पक्षाला ती ‘काढून घेता’ येत नाही, तशी तुम्हाला ‘घेऊन जाता’ही येत नाही. हिशेब होतो तो युनियनच्या सर्वसाधारण सभेत, तिच्या घटनेप्रमाणे, नोटीस देऊन. फुटीनंतर दोन्ही गट आपापली पदाधिकाऱ्यांची यादी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात देतात, आणि मग निबंधक काहीच नोंदवत नाही. दरम्यान मालक वर्गणीची कपात थांबवतो आणि करार लांबवतो. यात नुकसान फक्त कामगारांचं.

युनियन फोडण्याआधी हजेरीपट मोजा. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात अनेक युनियन असतील तर ५१ टक्के कामगार जिच्याकडे ती एकटी वाटाघाटी करते. नसेल तर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी घेऊन परिषद बनते. ६० टक्क्यांची एक युनियन फोडून तुम्ही ३२ आणि २८ केलीत, तर एकट्याने बोलायचा हक्क दोघांचाही गेला. अशा ठिकाणी पक्ष दोन आणि युनियन एक ठेवणं शहाणपणाचं, आणि मुंबईत ते जमवलेली उदाहरणं आहेत.

युनियनच्या सर्वसाधारण निधीतून पक्षाला पैसा देता येत नाही. राजकीय कामासाठी वेगळा, ऐच्छिक निधी उभारायची तरतूद कायद्यात आधीपासून आहे. ती वापरा.

मुखपत्राचं काय?

नियतकालिकाचं शीर्षक ज्याच्या नावाने नोंदलेलं, त्याचं ते. संपादक तुमच्यासोबत आला आणि मालक-प्रकाशक तिकडे राहिला, तर तेच नाव छापू नका. नवं शीर्षक प्रेस सेवा पोर्टलवरून मागा आणि मंजुरीपर्यंत पुस्तिका काढा. नवीन नोंदणी करताना प्रकाशक म्हणून कोणाचं नाव जातंय ते ठरावात लिहून घ्या. वर्गणीदारांची यादी हीच खरी मालमत्ता, आणि ती बहुधा एकाच माणसाच्या वहीत असते.

निवडणूक लढवताना अमान्यताप्राप्त पक्षाला काय वेगळं असतं?

विधानसभा-लोकसभेला मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक लागतो, तुम्हाला दहा. दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. गावच्या यादीत नाव असलेले कार्यकर्ते इथे गळतात, म्हणून चौदा-पंधरा जणांच्या सह्या घ्या. अनामत विधानसभेला १०,००० आणि लोकसभेला २५,०००, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना निम्मी. एक षष्ठांशाहून जास्त वैध मतं मिळाली नाहीत तर ती जप्त. अर्जापूर्वी किमान एक दिवस आधी खर्चाचं वेगळं खातं उघडावं लागतं. प्रतिज्ञापत्रातला एकही रकाना कोरा ठेवू नका, ‘निरंक’ लिहा. एबी फॉर्म (हा आमचा अधिकृत उमेदवार, असं पक्षाचं पत्र) अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत, शाईच्या मूळ सहीने पोचला पाहिजे. झेरॉक्स किंवा मोबाइलवर आलेली प्रत चालत नाही. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब दिला नाही तर उमेदवार तीन वर्षांसाठी अपात्र होऊ शकतो. हरलेले उमेदवार नेमकं हेच विसरतात.

सामाईक चिन्हासाठी सभागृहाची मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. आधी येईल त्याला आधी. विधानसभेला किमान ५ टक्के जागा लढवाव्या लागतात, म्हणजे २८८ पैकी १५. मुक्त चिन्हांतली दहा पसंतीक्रमाने द्यायची, शिवाय स्वतःची तीन सुचवता येतात, पण प्राणी-पक्षी किंवा धार्मिक अर्थाचं काही नको. अर्जाला मागच्या तीन आर्थिक वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब लागतात. पंधरा उमेदवार नसतील तर सामाईक चिन्हाचा नाद सोडा. दोन-तीन ठिकाणी मिळेल त्या चिन्हावर लढा.

महापालिकेचं खातं निराळं. २२७ प्रभागांची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, त्याचं कार्यालय मंत्रालयासमोरच्या नवीन प्रशासकीय भवनात. दिल्लीची नोंदणी झाली म्हणजे इथलीही झाली असं नाही. इथे वेगळा अर्ज, वेगळे हिशेब.

आझाद मैदानाची परवानगी कशी मिळते?

आझाद मैदान पोलीस ठाण्यात लेखी अर्ज करून. मुंबईत आंदोलनासाठी हीच जागा राखलेली आहे. २०२५ च्या नियमांप्रमाणे एका दिवसाची, सकाळी ९ ते संध्याकाळी ६ आणि ५,००० लोकांपर्यंतची परवानगी मिळते. आयोजक म्हणून सही करणाऱ्यावर सगळी जबाबदारी येते, तेव्हा दरवेळी त्याच तरुण पोराला पुढे करू नका. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी. नाक्यावरच्या सभेला स्थानिक पोलीस ठाणं. तिथे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालच्या जमावबंदीच्या आदेशाची तारीख आधी विचारून घ्या.

नोंदणी रद्द होऊ शकते का?

सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालाप्रमाणे फसवणुकीसारखे अपवाद सोडले तर नोंदणी रद्द करायचा अधिकार आयोगाला नाही. पण यादीतून वगळणं सुरू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ३३४ पक्ष वगळले, सप्टेंबरमध्ये आणखी ४७४. कारणं होती सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवणं आणि पत्त्यावर न सापडणं. एखाद्या विधानसभा किंवा लोकसभा मतदारसंघात एक तरी उमेदवार ठरावीक काळाने उभा करा, आणि आयोगाच्या नोटिशीला मुदतीत उत्तर द्या.

पुढे दुसऱ्या डाव्या पक्षात विलीन व्हायचं ठरलं तर?

घटनेत लिहिलेल्या पद्धतीने अधिवेशन, मतदान आणि ठराव, मग दोन्ही पक्षांच्या सहीने आयोगाला पत्र. त्याआधी शेवटच्या दिवसापर्यंतचे हिशेब तपासून घ्या, खातं बंद करा, शिल्लक कुठे जाणार ते ठरावात आकड्यासह लिहा. कार्यालयाची पावती, नियतकालिकाचं शीर्षक आणि पावतीपुस्तकं यांचीही यादी जोडा. विलीनीकरणाला न मानणारा गट उरतोच. तो जुन्या नावाने चालू राहिला आणि आयोगाकडे ठराव गेलेला नसेल, तर नोंदणी त्याच्याकडेच राहते आणि विलीन झालेल्यांची प्रतिज्ञापत्रं दोन पक्षांत अडकतात. सदस्यांनी नव्या पक्षाचे फॉर्म भरायचे ते आयोगाला पत्र पोचल्याची पावती हातात आल्यावर.